डोकं धरणारे डॉक्टर शेवडे

सरावाच्या दिवशी डॉक्टर शेवडे स्वतः मोडक्या गाडीत जाऊन बसायचे. वय साठीच्या पुढे, डोक्यावर हेल्मेट, छातीवर पट्टे आवळलेले, डोळे मिटलेले. त्यांची मान न हलवता आम्ही चौघांनी त्यांना बाहेर काढायचं. कोणाचा हात घसरला की डोळे न उघडताच आवाज यायचा, "झालं. मेलो मी. आता चहा घ्या आणि माझ्या बायकोला कोण कळवणार ते ठरवा."

माझं बिबवेवाडीत जुन्या गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे. भंगारात आलेल्या गाड्या स्वतःच्या हातांनी खोलत मी इथवर आलो. सरावासाठी चेपलेली गाडी मागायला डॉक्टर दुकानात आले, तेव्हा मी अट घातली, "गाडी फुकट न्या, पण टीममध्ये मला घ्यायचं." ते पेशाने भूल देणारे डॉक्टर, शर्यतीच्या ट्रॅकवर जखमी ड्रायव्हरांना सोडवायचं काम हौसेने करायचे. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाले, "अहो शिंदे, तिथे माणूस आपल्यावर ओरडतो. आपण उलट ओरडायचं नसतं. जमेल?"

त्यांचा नियम एकच होता. "आग दिसली तर मान विसरा. आग नसेल तर घड्याळ विसरा." डॉक्टर मागून शिरून ड्रायव्हरचं डोकं दोन्ही हातांनी धरायचे, आणि डोकं धरणारा सांगेल तेव्हाच बाकीच्यांनी हलायचं. पत्रा कुठे कापायचा, दार कुठून सुटेल, ते मी बघायचो. तोवर ते ड्रायव्हरला बोलतं ठेवायचे. "कोथरूडला राहता? मग पार्किंगवरून भांडायची सवय असेलच. आता दहा मिनिटं मान न हलवता भांडा."

लोणी काळभोरच्या पुढे मातीच्या ट्रॅकवर एका दुपारी निनाद नावाच्या ड्रायव्हरची गाडी दोन कोलांट्या खाऊन चाकांवर उभी राहिली. डॉक्टर मागच्या फुटक्या काचेतून आत गेले, त्यांनी डोकं धरलं. मी दार उघडलं. तेवढ्यात बॉनेटखालून पांढरा लोट उठला. धूर की वाफ? "आग!" मी ओरडलो, पट्टे कापले आणि निनादच्या काखेत हात घालून त्याला ओढलं. डॉक्टरांच्या हातांतून त्याचं डोकं निसटलं. पंधरा पावलं त्याला फरफटत नेऊन मागे वळून पाहिलं, तर आग नव्हतीच. रेडिएटर फुटला होता. आयुष्यभर रेडिएटर विकणाऱ्या मला वाफ ओळखता आली नाही.

निनाद आज चालतो, फिरतो, जीव वाचवलात म्हणून दर दिवाळीला मिठाई घेऊन येतो. मानेतली नस दुखावल्याने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं मात्र बधिर आहेत. गाडी उलटल्यामुळे की मी ओढल्यामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही. शेवड्यांनी त्याच दुपारी ट्रॅकवरच मला टीमचं जाकीट उतरवायला लावलं.

"उद्यापासून येऊ नका, शिंदे."

"अहो, पेटली असती तर?"

"पेटली नाही."

"ते आता कळलं!"

"म्हणूनच," ते म्हणाले आणि निघून गेले.

त्या 'म्हणूनच'चा अर्थ लावण्यात माझी तीन वर्षं गेली. कधी वाटायचं, माणूस बरोबर आहे. कधी वाटायचं, चारचौघांत माझा अपमान केला. मिठाई खाताना मी हिरो असायचो आणि निनादने डाव्या हाताने कप उचलला की हातातला पेढा परत डब्यात ठेवायचो.

डॉक्टर अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी गेलो, ते भांडायलाच. "आज सांगूनच टाका. माझं चुकलं का?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"लोट मलाही दिसला होता. मी तोंड उघडलं होतं, शिंदे. 'ओढा' म्हणणार होतो की 'थांबा', ते आठवत नाही. रोज आठवून बघतो."

माझं डोकं फिरलं. "आणि तरी मला एकट्याला काढलंत?"

"एकट्याला?" ते हसले. "त्या दिवसानंतर मी तरी कुठे गेलो ट्रॅकवर? तुम्ही रागात इतके गुंतलात की कोणाला विचारलंही नाहीत."

मी काय काय ऐकवायचं ते घरून ठरवून आलो होतो. त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं राहिलं नव्हतं. वहिनींनी दिलेला चहा पिऊन मी उठलो. पुढच्या महिन्यात डॉक्टर गेले.

आता टीम मांजरी गावची एक तरुण डॉक्टर चालवते. परवा तिचा फोन आला, "शिंदेकाका, पुन्हा याल का? सर जाण्याआधी तुमचं नाव सांगून गेलेत."

"दार बघायला ना?"

"नाही. डोकं धरायला."

माझ्यासारख्या उतावळ्याला ती जागा? ही शिक्षा, की विश्वास? विचारायला डॉक्टर नाहीत. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही, आणि नाही म्हणायलाही तोंड उघडत नाही.