रोह्याची सायकल

अब्बास मुकादम कुवेतच्या बंदरात क्रेन चालवायचे. नोकरी संपवून पेणला परत आले ते अजराबरोबर निवांत राहायचं म्हणून. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बायकोला बहुतेक फोनवरच ऐकलं होतं. परत आल्यावर दोघं पहाटे फजरच्या नमाजानंतर अंतोऱ्याच्या रस्त्याने चालायला जायची. ती पुढे, हे मागे, कारण ती भरभर चालायची. असं जेमतेम दोन हिवाळे झाले, आणि अजरा तापाचं निमित्त होऊन गेली.

त्यानंतर अब्बास त्या रस्त्याला फिरकले नाहीत. साखर वाढली, गुडघा धरला. डॉक्टर म्हणाले, चाला, नाहीतर पाय जातील. मुलगा फैजल कतारमध्ये, दोह्याला होता. तो म्हणाला, घरात व्यायामाची सायकल घेऊ, बाहेर पडायलाच नको. अब्बासना ते पटलं. बाहेर पडलं की कोणीतरी भेटणार, अजराचं विचारणार, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. पण नवी आणली आणि पायाला झेपली नाही तर ती पडून राहणार, म्हणून ते अडून होते. तेव्हा फैजलनेच फोनवर रोह्यातली एक जुनी सायकल शोधली आणि म्हणाला, बसून बघा, मग ठरवा.

ते एसटीने नागोठण्यावरून रोह्याला गेले. दार शांतीबाईंनी उघडलं. साठीच्या असतील. सायकल त्यांच्या यजमानांची. ते गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि मुलगी नूतन नाशिकला असायची. जाहिरात तिनेच टाकली होती. शांतीबाईंनी आधी पाणी दिलं, मग चहा टाकला. सायकल आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिच्यावर धूळ नव्हती.

अब्बास बसले. पायडल हलकं फिरत होतं, गुडघा कुरकुरला नाही. सीट त्यांच्याच उंचीची निघाली. हीच घ्यायची, असं त्यांनी मनात ठरवूनही टाकलं. ते तसं सांगणार, तेवढ्यात शांतीबाईंनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"मीच हाय."

शांतीबाईंनी चहा गाळून आणला. मग चहाचा कप त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "मग नका घेऊ, भाई."

अब्बासना वाटलं, बाईंचा विकायचा विचार बदलला. पण तसं नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं. यजमान रोज संध्याकाळी नदीकाठी जायचे. तिथे त्यांचं टोळकं होतं, कंपनीतून रिटायर झालेले सगळे. पायऱ्या चढताना दम लागतो म्हणून मुलीने सायकल घेऊन दिली. मग ते घरातच पायडल मारायला लागले. सुरुवातीला टोळक्यातलं कोणी हाक मारायला यायचं. हे आतूनच सांगायचे, माझं झालं आज. हळूहळू हाका बंद झाल्या.

"तब्येत सुधारली त्यांची, खोटं कशाला बोलू," शांतीबाई म्हणाल्या. "पण माणूस बोलायचा थांबला. मी चहा घेऊन यायची तर भिंतीकडे बघत पायडल मारत असायचे. मी तरी होते घरात. तुमच्याकडे तर तेवढंपण नाय."

अब्बास सायकलवरून उतरले. सायकल नको, असंही त्यांनी म्हटलं नाही; तोंडून अजराचं नाव निघालं आणि मग ते बोलतच राहिले. तिचं चालणं, शेवटचा ताप, विमान गाठता न आल्यामुळे दफनाला पोहोचू न शकलेला फैजल. शांतीबाई ऐकत होत्या. उन्हं कलली तेव्हा अब्बासना एसटीची आठवण झाली. निघताना अब्बास म्हणाले, फार वेळ बसलो. शांतीबाई म्हणाल्या, असू दे, इथे बसायला तरी कोण येतंय. मग दार लागलं.

फैजलला त्यांनी कळवलं, सायकल नको. तो चिडला, मग म्हणाला, तुमची मर्जी.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर ते अंतोऱ्याच्या रस्त्याला लागले. कडेच्या शेतात मोरू वालाच्या शेंगा खुडत होता. अजरा त्याच्याशी नेहमी बोलायची. तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "कवा आलात? मला वाटलं पोराकडं गेलात दोघं. भाभी मागं राहिल्या काय?"

हाच प्रश्न टाळायला अब्बास इतके महिने घरात बसले होते.

"नाय रे. ती गेली. पावसाळ्यात."

मोरूच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.  तो फक्त "मला कोणी सांगितलं नाय" म्हणाला. अब्बासनी मान हलवली आणि पुढे निघाले. गुडघा दुखत होता. खाडीच्या बांधापर्यंत ते गेले, भरतीचं पाणी बघत थोडं टेकले आणि परत फिरले.

आता ते रोज जातात. कधी मोरू शेतात असतो, पुष्कळदा नसतो. घरी आल्यावर चहा स्वतःच करावा लागतो. फैजलने विचारलं तर सांगतात, पाय बरा हाय. बाकीचं तो विचारत नाही.