हीमा म्हणजे रक्त

"हीमा म्हणजे रक्त. ड्रेपॅनॉन म्हणजे विळा. दोन्ही ग्रीक. आता विळा बघायला कुणी कुरखेड्याच्या धानात जायला नको. ये गं, बोट आण."

सर असं म्हणाले आणि सगळी प्रयोगशाळा हसली. मी उठले, बोट पुढं केलं. सुई टोचली. थेंब काचपट्टीवर गेला. वर्गातली पोरं-पोरी रांगेनं सूक्ष्मदर्शकात डोकावली. वाकड्या पेशी, विळ्यासारख्या. मला सिकलसेल आहे. माझ्या मोठ्या भावालाही होता. आमच्या बौद्ध मोहल्ल्यात तो घरोघरी आहे.

दर प्रॅक्टिकलला माझंच बोट. दुसऱ्या बॅचसाठीही मलाच बोलावणं. तयार स्लाइड मागवायच्या कशाला, ही आहे ना, असं सर म्हणायचे. एका पोरीनं माझं बोट धरलं आणि नंतर साबणानं हात घासून धुतले. मी पाहिलं. न पाहिल्यासारखं केलं.

का देत होते मी? खरं सांगते, मला ते शब्द आवडायचे. अ‍ॅनिमिया. 'अन्' म्हणजे विना, 'हीमा' म्हणजे रक्त. ल्युकेमिया, त्यातला 'ल्यूकोस' म्हणजे पांढरा. हिमोग्लोबिन, हिमोफिलिया, सगळ्यांच्या पोटात तोच हीमा. शेंग सोलून दाणा काढावा तसे मी शब्द सोलायची आणि घरी भावाला सांगायची. तो बांधावर बसून गुडघे दाबत ऐकायचा.

"त्या ग्रीक लोकायले आपलं दुखणं कसं मालूम होतं व?" त्यानं एकदा विचारलं.

दुखणं मालूम नव्हतं, नाव मागाहून ठेवलं, शब्द तेवढे त्यांचे, असं मी ऐटीत सांगितलं. सर म्हणायचे, तू विज्ञानाला मदत करतेस. मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले होते.

धानकापणीत भाऊ बांधीतच, धानाच्या खाचरात, कोसळला. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. रक्त लागेल म्हणाले, बी निगेटिव्ह. रक्तपेढीत नव्हतं. माझं चालणार नव्हतं. पण वर्गात सगळ्यांचे गट आम्ही तपासले होते. तो गट एकाचाच होता, एका गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, नातवाचा. माझ्या पेशींची सगळ्यात सुबक आकृती त्यानंच काढली होती. सरांनी ती भिंतीवर लावली होती.

मी त्याच्यापुढं हात जोडले.

"मले काई नाई व," तो खाली बघत म्हणाला. "पण घरचे नाई म्हणते. तुमच्यातल्या माणसाले रगत कशाले, म्हणते."

नागपूरहून पिशवी आली. तोवर भाऊ गेला होता.

"तुह्या कॉलेजात एवढे पोरं," माय म्हणाली, "एकाचंबी रगत नाई?"

माझं रक्त सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यात माणूस कुणालाच दिसला नव्हता. मलाही ते तेव्हाच कळलं, आणि स्वतःची चीड आली.

सुतक मी पाळलं नाही. कॉलेजात गेले. प्रॅक्टिकल होतं. सर म्हणाले, "वाईट झालं. ये, बोट आण."

मी जागची हलले नाही. मूठ आवळली. "नाही देणार, सर. आज तुमचं घ्या."

कुणी हसलं नाही. सर सावकाश म्हणाले, "प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात आहेत."

ते खरं निघालं. मी नापास झाले. मालगुजाराचा नातू पहिला आला. ती आकृती अजून भिंतीवर आहे, खाली त्याचं नाव आहे.

भाऊ परत येणार नाही. माझं रक्त बदलणार नाही आणि सरही बदलणार नाहीत. यंदा पहिल्या वर्षाला धानोऱ्याकडची एक गोंडाची पोरगी आली आहे. तिलाही सिकलसेल आहे. सरांना ते कळलं आहे.

सोमवारी तिचं पहिलं प्रॅक्टिकल आहे. मी तिच्या शेजारी उभी राहणार. तिचं बोट कुणाला धरू देणार नाही. मला कॉलेजातून काढायचं असेल तर काढोत.