करुणा मॅडमनी सांगितलेला शेवट

साखऱ्याच्या जळबाची करुणा कॉलेजात इंग्रजी शिकवते, हे सेनगाव तालुक्यात पुष्कळांना खरंच वाटायचं नाही. बाप जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबलेला, आई जनकाबाई खुरपणीला जाणारी. अशा घरातल्या पोरीने फार तर डी.एड. करावं आणि गप बसावं, असं गावाचं मत होतं. फुकटचं मत द्यायला गावाला कधी काही कमी पडत नाही.

तिला इंग्रजीची गोडी लावली ती हिंगोलीच्या कॉलेजातल्या गोपीचंद पतंगे सरांनी. सन पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. त्या काळी बी.ए.ला इंग्रजी घेतलेली पोरं मूळ पुस्तकाच्या वाटेला जात नसत. सर नोट्स सांगणार, पोरं उतरवून घेणार, राहिलेलं गाईडात सापडणार. त्या वर्षी अभ्यासाला अमेरिकेतली एक शंभरेक वर्षांपूर्वीची कादंबरी होती. दारुड्या बापाच्या माराला कंटाळून पळालेलं एक पोरगं आणि आपल्याला विकणार म्हणून पळालेला एक काळा गुलाम, दोघं एका तराफ्यावर बसून मोठ्या नदीतून वाहत निघतात, अशी ती गोष्ट. तिची एकच प्रत लायब्ररीच्या कपाटात कुलपाआड असायची. करुणाने मागून मागून ती मिळवली आणि डिक्शनरी शेजारी ठेवून सगळी वाचली. गुलामाला पकडून देण्यापेक्षा मी नरकात जाईन, असं ते पोरगं मनाशी ठरवतं, तिथे ती रडली होती. पेपरात तिने गाईडात नसलेलं लिहिलं. सरांनी तो पेपर वर्गात वाचून दाखवला.

निकालानंतर सर स्वतः साखऱ्याला आले. आले आणि बौद्धवाड्यात, जळबाच्या घरी, खाली बसून भाकर-भाजी जेवले. ज्या गावात जळबाच्या घरचं पाणी प्यायला लोक कारणं शोधत, तिथे एक प्राध्यापक दुसऱ्यांदा भाजी मागून घेतो, ही काय साधी गोष्ट झाली? जळबा पुढे कित्येक वर्षं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला. त्याच्या लेखी माणूस म्हणजे पतंगे सर, बाकीची नुसती गर्दी.

करुणा एम.ए. झाली, सेट पास झाली आणि सरांच्याच हाताखाली तासिका तत्त्वावर लागली. म्हणजे जेवढे तास घ्यायचे तेवढ्याचाच मेहनताना, उन्हाळ्यात घरी बसायचं आणि जूनमध्ये पुन्हा विचारायला यायचं. एक कायम जागा मंजूर व्हायची होती. "जाहिरात निघाली की पहिले तुलाच सांगतो," सर म्हणत. "तू कशाला पेपर धुंडाळत बसतेस? मी हाय ना." करुणाने वाचनालयात जाऊन जाहिराती बघणं सोडून दिलं. ज्या माणसाने आपल्या घरी भाकर खाल्ली, त्याच्या शब्दावर पुन्हा पेपर कशाला चाळायचा? चूक म्हणाल तर एवढीच केली तिने.

सर विभागप्रमुख झाले तशी ती कादंबरीही तिच्याकडे आली. ती मराठीतून शिकवायची, मग इंग्रजीतून. पोरांनी उन्हाळ्यात चपला हातात घेऊन ओलांडलेली कयाधू नदी पुराला आली की कशी दिसते ते आठवायला लावायची आणि त्या पाण्यावर तराफा सोडायची. तांड्यावरची, खेड्यावरची पोरं तोंड उघडं टाकून ऐकत. गाईडाचा खप कॉलेजपुरता तरी पडला होता.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात एके सकाळी सर म्हणाले, "करुणा, आज माझेही तास तूच घे. मला मीटिंग हाय." तिने घेतले. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आली तर निळ्या शर्टाचा, कोऱ्या बुटांचा एक तरुण फाईल मांडीवर घेऊन बसलेला. संस्थेकडे कामासाठी माणसं येतच असतात. तिने त्याला पाणी दिलं.

त्याने टेबलावरचं पुस्तक उचललं. "ही तुमच्याकडे सिलॅबसला हाय का, मॅडम? वाचायची राहूनच गेली. शेवट काय हो हिचा?"

आता शिकवणाऱ्या बाईला असं विचारावं आणि तिने गप बसावं, हे होतं का कुठे? करुणा खुर्ची ओढून बसली. गुलाम पकडला जातो, तिथून सुरुवात केली. त्या पोराचा एक दोस्त येतो. तो गुलामाला सोडवायचे नाना खेळ रचतो. भुयार काय, दोराची शिडी काय, कोठडीत साप आणि उंदीर काय. गुलाम बिचारा सगळं सोसतो. आणि शेवटी कळतं, की त्याची मालकीण मरताना त्याला मोकळा करून गेलेली होती. दोस्ताला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. मजा यावी म्हणून त्याने सांगितलं नाही, एवढंच. मोठमोठ्या टीकाकारांनी या शेवटाला नावं ठेवलीत, का ठेवलीत, हेही तिने सांगितलं. तो मान हलवत राहिला.

"लई छान समजावता तुमी," म्हणत तो उठला. "प्राचार्यांची केबिन कोणीकडे?"

करुणाने दारापर्यंत जाऊन बोटाने दाखवली.

जानेवारीत तोच निळा शर्ट कायम प्राध्यापक म्हणून हजर झाला. संस्थेच्या अध्यक्षाचा भाचेजावई. मनाने मोकळा माणूस होता, त्याला काही लपवता येत नव्हतं. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "मॅडम, तुमचे उपकार हायेत. त्याच दिवशी मुलाखतीत तोच प्रश्न आला, त्या कादंबरीच्या शेवटावर. पतंगे सरांनीच विचारला."

करुणाला आधी काही उमगेना. मग सरांची ती मीटिंग कसली होती ते कळलं. जाहिरात निघाली होती. निघाली होती अशा एका वर्तमानपत्रात, जे फक्त असल्या जाहिराती छापण्यापुरतं निघतं आणि ज्याचा अंक या जिल्ह्यात कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. तिने शिपाई नरसिंगमामाला गाठलं. तो खाली मान घालून म्हणाला, "मला वाटलं तुमाला म्हाईत आसंल, मॅडम. सगळ्यायलाच म्हाईत व्हतं."

ती तडक सरांच्या घरी गेली. निर्मलाबाईंनी, सरांच्या बायकोने, दार उघडलं आणि तिचा चेहरा बघून त्या चहा ठेवायला आत पळाल्या.

"सर, तुमी मला सांगितलं काहून न्हाई?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "अध्यक्षांचं आधीच ठरलं होतं, करुणा. तू अर्ज केला असतास तर तुझ्यासारखीला नाकारायचं कसं? भानगड झाली असती, कोर्टकचेरी झाली असती. तुलाच तकलीफ झाली असती. तुझ्या भल्यासाठीच नाही सांगितलं मी."

"नापास करायचं व्हतं त समोर बसवून करायचं व्हतं, सर. मी रडले असते आन् घरी गेले असते. तुमी त मला बाजूच्या वर्गात बसवून ठेवलं."

"तुझे तास कोणी काढत नाही. नव्या सरांना ती कादंबरी काही जमायची नाही. तूच घे की."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्या गोष्टीतल्या पोराने निदान मजेसाठी लपवलं होतं. सरांना तर यात मजाही नव्हती, नुसती सोय होती. चहा आला तेव्हा ती फाटकाबाहेर होती.

सेनगावच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून तिने ठरवलं, घरी सगळं सांगायचं. काही झाकायचं नाही. घरी पोचली तर जळबा ओसरीवर बसलेला. तिचं तोंड बघूनच त्याने ओळखलं.

"जागेचं काय झालं, माय?"

"भरली, बाबा. दुसऱ्याला भेटली."

"मुलाखत झाली व्हय? सर व्हते का तिथं?"

"व्हते."

जळबाने तोवर सरांना मनातल्या मनात निर्दोष सोडूनही दिलं होतं. "मंग तूच कुठंतरी कमी पडली आसशीन, बाई," तो हळूच म्हणाला. "सर बसलेले आसताना दुसरं कारन आसनारच न्हाई. तो मानूस आपल्याला दगा देनारा न्हाई."

जीपमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं तिच्या ओठांवर आली. या म्हाताऱ्याला उभ्या जन्मात एकाच मोठ्या माणसाने बरोबरीने वागवलं होतं. तेवढंही काढून घ्यायचं?

"व्हय, बाबा," करुणा म्हणाली. "मीच कमी पडले."

पुढे ती कळमनुरीच्या एका शाळेत लागली, आजही शिकवते. जळबा मरेपर्यंत पारावर सांगत राहिला की सरांनी पोरीसाठी जिवाचं रान केलं, पण ऐन वेळी पोरगीच ढिली पडली. साखऱ्यात तेच खरं मानतात. भेटायला आलेल्या बायका अजूनही करुणाला म्हणतात, "तवा थोडा आभ्यास केला आसता त!" आणि ती मान हलवते.