पाटीदारजींची सकाळ आणि आमचे दोन व्हिडिओ

"पासवर्ड काय आहे?" एवढंच मी सप्रे सरांना विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या लॉकरची चावीच मागितली.

"ताई, फाइल तर टाकली ना ड्राइव्हवर. शेअर झाली, अब क्या?"

"शेअर झाली, पण उघडत नाही."

"वो तो कोणी मिसयूज करू नये म्हणून."

डीन मॅडम समोरच बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओपीडी सुरू व्हायच्या आधीची वेळ होती आणि त्यांना पुढे मीटिंग होती. सप्रे सरांनी मुकाट्यानं पासवर्ड टाइप केला, तोही मी बघू नये म्हणून कीबोर्डवर हात आडवा धरून.

मी इंदूरच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. आमच्या ट्रस्टच्या एकाच आवारात हॉस्पिटल आहे, नर्सिंग आहे, फिजिओथेरपी आहे, फार्मसी आहे. सकाळी सगळे एकाच कँटीनमध्ये पोहे खातात. पण शिकवायचं सामान म्हटलं की जो तो आपलं कपाट बंद करून बसतो. मी काही वेगळी नाही. इंजेक्शनच्या सरावाचा आमचा रबरी हात आहे, त्याच्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. फार्मसीवाल्यांनी दोनदा मागितला, मी दोनदा "बघते" म्हटलं.

हे बदलायचं डीन मॅडमनी मनावर घेतलं. सगळ्या कॉलेजांनी आपापले शिकवायचे व्हिडिओ एका कॉमन ड्राइव्हवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सामायिक कपाटात, टाकायचे. याला इंटरप्रोफेशनल एज्युकेशन म्हणतात. नाव भारी आहे, मतलब सोपा आहे. उद्या जे एकाच पेशंटभोवती काम करणार आहेत, त्यांनी शिकतानाच एकमेकांचं काम बघून ठेवायचं. हेच व्हिडिओ पेशंटच्या घरच्यांनाही पाठवायचे, असं ठरलं.

हुकूम निघाल्यावर सगळ्यांनी भराभर व्हिडिओ टाकले. प्रत्येक व्हिडिओत आधी कॉलेजचा लोगो, मग सरस्वतीची तसबीर, मग एचओडींचं स्वागतपर भाषण, आणि मग कुठे काम. सप्रे सर फिजिओचे एचओडी. त्यांचं भाषण सर्वात लांब. टाकायला सगळे तयार होते. दुसऱ्याचं उघडून बघितलं मात्र कुणीच नाही. ते सगळं नीट लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि म्हणून आम्ही तिघं त्या सकाळी स्किल लॅबमध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, बसलो होतो.

"फोल्डर डिपार्टमेंटप्रमाणेच ठेवा," सप्रे सर म्हणाले. "नाहीतर आमची पहचान काय राहिली?"

"पेशंट सकाळी उठतो तेव्हा डिपार्टमेंट बघून उठतो का?" मी म्हटलं. "आपण त्याच्या दिवसाप्रमाणे लावू. उठल्यापासून झोपेपर्यंत."

"अरे ताई, तुम्ही पण ना."

डीन मॅडम म्हणाल्या, "ट्राय करके देखते हैं. एक पेशंट लो."

मी गुडघा बदललेला, शुगरवाला पेशंट घेतला. आमच्या हॉस्पिटलात असे पेशंट पुष्कळ. सकाळचं पहिलं काम म्हणून आमचा व्हिडिओ लावला. आमच्या ट्यूटरनं सुंदर समजावलं होतं: इन्सुलिन कसं भरायचं, पोटावर कुठे घ्यायचं, आणि त्यानंतर अर्ध्या तासात नाश्ता करायचा. मी मनात खूश झाले. मग सप्रे सरांचा लावला. भाषण पुढे ढकललं. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं पाय उचलायचा व्यायाम दाखवला आणि शेवटी हसून सांगितलं, "व्यायाम सकाळी काही खाण्याआधी करा, पोट हलकं असतं."

मी व्हिडिओ थांबवला.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इन्सुलिन रक्तातली साखर खाली आणतं. व्यायामानंही साखर खाली येते. म्हणून इन्सुलिन घेतल्यावर वेळेत खावंच लागतं. इन्सुलिन घेऊन, उपाशीपोटी, वरून व्यायाम केला तर साखर इतकी उतरू शकते की माणूस घामाघूम होतो, थरथरतो, चिडचिड करतो, आणि कुणाच्या लक्षात नाही आलं तर बेशुद्ध पडतो. आमचा व्हिडिओ बरोबर होता. बिनशुगरच्या पेशंटसाठी त्यांचाही बरोबर होता. एकामागून एक लावले की घोटाळा.

"वॉर्डात तर असं कधी झालं नाही," सप्रे सर म्हणाले. आवाज उतरला होता.

"वॉर्डात नाश्त्याची ट्रॉली येते सर. तुमची मुलं ट्रॉली गेल्यावर येतात. घरी कुठली ट्रॉली?"

हे बोलता बोलताच मला पाटीदारजी आठवले. इंदूरजवळच्या हातोदचे पाटीदारजी, गुडघा बदललेला, इन्सुलिनवर. आदल्याच दिवशी डिस्चार्ज झाला होता. त्यांच्या मुलाच्या, मुकेशच्या, मोबाइलवर आमचा व्हिडिओ मी आणि व्यायामाचा सरांच्या डिपार्टमेंटनं पाठवला होता. पाठवताना मी त्याला वर ऐकवलं होतं की आता तुम्हाला काही विचारायचीच गरज नाही. शिवाय पाटीदारजी स्नान-पूजा झाल्याशिवाय तोंडात दाणा घेत नाहीत. वॉर्डात यावरून त्यांनी आमच्या मुलींशी रोज हुज्जत घातली होती.

मी फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. परत लावला. सप्रे सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तिसऱ्यांदा मुकेशनं उचलला.

"नमस्ते सिस्टरजी. अच्छा हुआ आपका फोन आया. बाबूजी को जरा समझाओ. एक्सरसाइज से बचने के लिए नौटंकी कर रहे हैं."

"कैसी नौटंकी?"

"कहते हैं हाथ काँप रहे हैं. पसीना-पसीना हो रहे हैं. अभी दो ही बार पैर उठाया है. मुझे डाँट भी रहे हैं."

"इंजेक्शन लगा?"

"हाँ, बराबर टाइम पे. आपका वीडियो देख के."

"कुछ खाया?"

"अभी कहाँ. एक्सरसाइज, फिर पूजा, फिर पोहे."

मी फोन स्पीकरवर टाकला. आवाज मी वॉर्डातलाच ठेवला. "मुकेशभैया, नौटंकी नहीं है. उनकी शुगर गिर गई है. होश में हैं? ठीक से निगल लेंगे?"

"हाँ, गाली भी ठीक से दे रहे हैं."

"तो पानी में तीन-चार चम्मच शक्कर घोलो. अभी. मैं लाइन पर हूँ."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. मग पाटीदारजींचा आवाज, की शुगर के मरीज को शक्कर कौन पिलाता है, तू मुझे मारेगा क्या. मी जोरात म्हटलं, "बाबूजी, मैं सिस्टर बोल रही हूँ, पी लो." वॉर्डात त्यांनी माझं एकदाही धड ऐकलं नव्हतं. आज ऐकलं.

साखर मोजायचं मशीन घरात होतं. मुकेशनं बोट टोचून आकडा सांगितला. चांगलाच खाली होता. सप्रे सर वळून भिंतीकडे बघायला लागले. डीन मॅडमनी तोवर दुसऱ्या फोनवर पेशंटच्या डॉक्टरांना गाठलं होतं. मी मुकेशला सांगितलं की सुस्त झाले, निगलता येईना, तर तोंडात काही ओतायचं नाही, सरळ जवळच्या दवाखान्यात न्यायचं. मग आम्ही वाट बघत बसलो. मीटिंगसाठी मॅडमना कुणीतरी बोलवायला आलं, त्यांनी हातानंच परत पाठवलं.

पंधरा-वीस मिनिटांनी परत बोट टोचलं. आकडा वर आला होता. घाम थांबला होता. पाटीदारजी स्वतः फोनवर आले आणि म्हणाले, "सिस्टरजी, अब पोहे खा लूँ या उसका भी वीडियो आएगा?"

मी हसले आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. लपवलं नाही. सप्रे सर धपकन खुर्चीत बसले आणि बाटलीभर पाणी प्यायले.

डॉक्टरांनी पाटीदारजींशी बोलून व्यायाम नाश्त्यानंतर ठेवला, आणि पुढच्या डोसचंही समजावलं. पूजेचं पाटीदारजींनी स्वतःच ठरवलं: देव आधी की इन्सुलिन आधी, तर देव आधी. पूजा उरकल्यावरच सुई, आणि सुईनंतर लगेच पोहे.

मग व्हायचं ते झालं. "इन्सुलिनच्या व्हिडिओत व्यायामाचं लिहायला हवं होतं," सप्रे सर. "व्यायामाच्या व्हिडिओत इन्सुलिनचं," मी. डीन मॅडम म्हणाल्या, "दोनों चुप. दोनों वापस शूट करेंगे, साथ में." आम्ही ते एकाच व्हिडिओत परत शूट केलं. त्यात इन्सुलिननंतर सरळ नाश्त्याची ताटली येते, आणि व्यायाम तिच्यानंतर. लोगो दोघांचे शेवटी, छोटे. सरांचं भाषण काढलं, तेव्हा त्यांनी फार ओढाताण केली नाही. ज्या घरांत जुने व्हिडिओ गेले होते, तिथे आम्ही दोघांनी वाटून फोन केले. कुठेच काही बिघडलं नव्हतं. शेवटचा फोन ठेवल्यावर सरांनी मला स्वतःच्या हातानं चहा आणून दिला, हे त्यांच्या डिपार्टमेंटमध्ये आजही कुणाला खरं वाटत नाही.

टाके काढायला पाटीदारजी काठी टेकत स्वतःच्या पायांनी आले.

आता नवा व्हिडिओ ड्राइव्हवर टाकायचा तर आधी दुसऱ्या कॉलेजच्या माणसाला शेजारी बसवून दाखवायचा, असा आमच्याकडे नियम आहे. कंटाळवाणं काम आहे. सगळे कुरकुरतात, मीही कुरकुरते. पण आपलं दुसऱ्याला देणं सोपं असतं, त्याला काही लागत नाही. दुसऱ्याचं शेवटपर्यंत बघायला वेळ काढावा लागतो, आणि आमचं तेवढ्यावरच अडलं होतं.