जाळीतून आलेली चौथी आज्ञा

आमच्या मजल्याच्या अगदी मधोमध, जमिनीतच, एक लोखंडी जाळी होती... काशीच्या गल्ल्यांतली घरं इतकी दाटीची, की वरून आलेला उजेड एकाच मजल्यावर अडकून राहू नये म्हणून मजल्यामजल्याला अशी जाळी ठेवलेली असते. माथ्यावरचं ऊन तिच्यातून खाली उतरायचं आणि खालच्या चौकात उजेडाचे चौकोन मांडून ठेवायचं. ऊन खाली जायचं आणि त्याच वाटेनं वर यायचे ते वास — कापराचा, उगाळलेल्या चंदनाचा, कढवलेल्या तुपाचा, नुकत्याच धुतलेल्या दगडी फरशीचा. आणि या सगळ्या वासांवर स्वार होऊन यायचा तो काकूंचा आवाज.

काकू म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीतल्या त्या घरात खाली त्या एकट्या राहायच्या आणि वर आम्ही दोघं, मी आणि माझे पप्पा. पप्पा नगरकडच्या खेड्यातल्या ख्रिस्ती घरातले, रेल्वेच्या नोकरीमागून इतक्या लांब आलेले. आई मला आठवतसुद्धा नाही. घर देताना काकूंनी दोनच अटी घातल्या होत्या : वर मांसमच्छी शिजायची नाही, आणि त्या सोवळ्यात असताना त्यांना कुणी शिवायचं नाही. "बाकी तुमचा देव तुम्ही सांभाळा, माझा मी सांभाळते. मला आपलं मराठी बोलायला कुणीतरी हवं. इथं आमच्या मराठी घरांतली पोरंसुद्धा हिंदी फाडायला लागलीत!"

खाली सोवळं, तर वर आमचा रविवार. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पवित्र पाळायचा ही दहा आज्ञांतली चौथी आज्ञा, आणि पप्पांनी ती गावाकडून जशीच्या तशी, जणू पेटीत घालून आणली होती. रविवारी आमच्या घरात काडी ओढली जात नसे, बाजारहाट होत नसे, सुईत दोरा ओवला जात नसे. रविवार मोकळा मिळावा म्हणून पप्पा इतरांच्या रात्रपाळ्या अंगावर घ्यायचे. शनिवारी संध्याकाळी ते दुधात कणीक भिजवून दशम्या करायचे. त्या फडक्यात बांधून ठेवलेल्या दशम्यांचा मऊ, गोडसर, किंचित करपलेला वास म्हणजे माझा रविवार. दशम्या खरं तर प्रवासाला नेतात. आता वाटतं, पप्पांसाठी प्रत्येक रविवार हा गावाकडच्या त्या लहानशा देवळापर्यंतचा — चर्चला आम्ही देऊळच म्हणतो — प्रवासच असावा...

शाळा माझी आठवीतच सुटली. सुटली म्हणजे काय — उभं केलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. घरी सगळं पाठ असायचं आणि वर्गात चार डोळे वळले की ओठांवर अक्षर येत नसे. मास्तर थकले, मग मीही थकले आणि घरातलं काम पाहू लागले. त्याच वर्षी आमच्या पाद्रीसाहेबांनी सांगितलं, की यंदा ज्यांना प्रभुभोजनाला बसायचंय, प्रभूच्या नावाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायचाय, त्यांनी ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी मंडळीसमोर उभं राहून दहा आज्ञा म्हणायच्या. जो म्हणेल तो ईस्टरला प्रभूच्या मेजाशी येईल. जो अडेल तो पुढल्या वर्षी. शाळेनं दाराबाहेर ठेवलं ते मी सोसलं होतं. पण देवानंही तसंच केलं, तर मग जायचं कुठं?

ईस्टरआधीच्या उपासकाळाचे ते चाळीस दिवस मी जाळीजवळ बसून आज्ञा घोकत राहिले. चैत्राचं ऊन चढत होतं, गंगेपलीकडच्या वाळवंटातल्या काकड्या-खरबुजांच्या होड्या घाटाला लागायच्या, आणि मी दर वेळी चौथीपाशी अडायचे. सगळ्यांत लांबलचक तीच! तिसरीवरून माझी गाडी थेट पाचवीवर जायची. एके सकाळी खालून, घंटी वाजवता वाजवताच, आवाज आला —

"चौथी गिळलीस गं! तुझ्या बापाची लाडकी!"

मी जाळीला नाक लावून खाली पाहिलं. काकू ताम्हणात देव पुसत होत्या. "काकू, तुम्हाला येतात?"

"न येऊन सांगते कुणाला? रोज डोक्यावर बसून घोकतेस. आमच्या घरी उभं आयुष्य पाठांतरात गेलंय, बाई. कानावर पडलं की बसलं. हं, पुन्हा पहिल्यापासून. आणि घाई नको, कुठे जल्दी आहे?"

तेव्हापासून हा आमचा नेमच झाला. मी वरून म्हणायचे, चौथीला अडायचे, आणि खालून आवाज यायचा. पप्पा दाढी करता करता आरशात हसू दाबायचे.

झावळ्यांचा रविवार उजाडला. पप्पांनी पांढरा सदरा घातला, मी इस्त्रीचा फ्रॉक. कॅन्टोन्मेंटच्या देवळात पोचायला वेळ लागायचा, म्हणून निघण्यापूर्वी एकदाच, शेवटचं म्हणून, मी जाळीपाशी बसले. पहिली, दुसरी, तिसरी... आणि पाचवी.

खालून काहीच आलं नाही.

मी थांबले. कापराचा वास नव्हता. घंटी वाजली नव्हती. "पप्पा," मी म्हटलं, "काकूंनी टोकलं नाही."

आम्ही जिना उतरलो. गंगेवरून अंघोळ करून आलेल्या काकू ओलेत्यानंच देवघराच्या उंबऱ्याशी पडलेल्या होत्या, आणि हिवानं त्यांचं सारं अंग थडथड उडत होतं. पप्पा पुढे झाले तशा त्या दातांवर दात आपटत म्हणाल्या, "शिवू नका... देव व्हायचेत अजून."

"देव थांबतील, काकू," पप्पा म्हणाले, "ताप नाही थांबायचा." आणि स्वतःची घोंगडी आणून त्यांनी काकूंना गुंडाळलं, पोरासारखं उचललं.

"अहो, निदान चपला तरी काढा!" काकू त्यांच्या खांद्यावरून पुटपुटल्या.

मी वर धावले. आल्याचा चहा, शेकायला गरम पाणी, एवढंच डोक्यात. स्टोव्हपाशी बसले, काडी ओढली, आणि गंधकाचा तो वास नाकात गेल्यावर पहिल्यांदा कळलं, की आज रविवार. वळून पाहिलं तर पप्पा दारात. त्यांची नजर काडेपेटीवर होती. माझी जीभ टाळूला चिकटली... काडी बोटापर्यंत जळत आली.

"वात मोठी कर," पप्पा म्हणाले. "पाणी लवकर तापेल."

आमच्या घरात रविवारी पेटलेला तो पहिला स्टोव्ह. काकूंनी आमच्याच कपातून चहा घेतला, डॉक्टर आले, हिवताप म्हणाले, सुई टोचून गेले. आणि या सगळ्यात देवळातली उपासना कधीच संपून गेली होती. मी फ्रॉकला राकेलचा वास घेऊन काकूंच्या पायाशी बसले होते. पुढल्या वर्षीपर्यंत मी दाराबाहेर, हे मला पक्कं ठाऊक होतं. काकूंना तेवढ्या तापातही ते ठाऊक होतं. "माझ्यापायी गेली तुझी परीक्षा," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

दोन दिवसांनी पाद्रीसाहेब स्वतः घरी आले. पप्पांनी त्यांना सगळं सांगितलं होतं, तरी पुन्हा उभे राहून म्हणाले, "आग जली थी, पादरी साहब. मैंने रोका नहीं." चौकात, जाळीच्या बरोबर खाली, काकूंची खाट होती. पाद्रीसाहेब स्टुलावर बसले आणि माझ्याकडे वळले.

"बिटिया, इतवार को आग क्यों जलाई?"

हे काही पाठ केलेलं नव्हतं. त्यामुळेच की काय, जीभ चिकटली नाही. "काकू को ठंड लग रही थी."

"और चौथी आज्ञा?"

"तब याद ही नहीं आई."

"याद कैसे आती?" खाटेवरून काकू कडाडल्या. "रोज तो मैं याद दिलाती हूँ! उस दिन मैं ही गिरी पड़ी थी!"

पाद्रीसाहेब इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पप्पासुद्धा हसले. मग पाद्रीसाहेब हळू आवाजात बोलले ते असं काहीसं : नियमशास्त्र, म्हणजे देवाच्या आज्ञा, हा लेकराचं बोट धरून त्याला शाळेच्या दारापर्यंत नेणारा भला सेवक आहे, त्याचा मान ठेवावा, पण दाराशी गुरुजी भेटले, की पुढे न्यायचं ते त्यांनी. प्रभूच्या मेजाशी कुणी पाठांतराच्या जोरावर येत नाही. बोलावणं आलंय एवढ्या विश्वासावर येतो. आणि विश्वास खरा असला, तर आज्ञा हातांतून आपोआप पाळली जाते... "इतवार को आ जाना," ते उठता उठता म्हणाले. "कुछ सुनाना नहीं है."

काही म्हणून दाखवायचं नाही! शाळेच्या दाराशीच राहिलेल्या मला कुणीतरी आत घेतलं होतं, न विचारता, न अडवता. छातीत काहीतरी सैल झालं, आणि मी उभी राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. पहिलीपासून सुरुवात केली. दुसरी, तिसरी... आणि चौथी, सबंध, एकाही अक्षराला न ठेचकाळता, अगदी मराठीत; पाद्रीसाहेबांना किती कळली कोण जाणे. दहावी संपली तेव्हा जाळीतून आलेलं ऊन माझ्या पायांवर पडलं होतं, आणि काकू खाटेवरून मान डोलावत होत्या, पोटच्या पोरानं मैदान मारल्यासारख्या.

ईस्टरच्या सकाळी निघालो, तर काकू जिन्याशी वाटी घेऊन उभ्या. "मोठ्या कामाला जाताना हातावर दही-साखर लागते," म्हणत त्यांनी माझ्या तळहातावर घातली, बोटं माझ्या हाताला खुशाल लागू देऊन. प्रभुभोजनाआधी काही खायचं नाही, हाही पप्पांचा नियम. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"खा," पप्पा म्हणाले. "काकूंचा आशीर्वाद आहे तो."

त्या दिवशीच्या भाकरीची आणि द्राक्षरसाची चव अजून माझ्या जिभेवर आहे, आणि तिच्या तळाशी थोडं दही, थोडी साखर.

आता काकू नाहीत. ते घर विकलं गेलं, तिथं यात्रेकरू उतरतात, आणि जाळी फरशी घालून बुजवली, असं पप्पा फोनवर सांगतात. ते आता गंगेपलीकडे रामनगरला राहतात, दर शनिवारी दशम्या करतात. मी मस्कतमध्ये एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आहे. इथं आठवडा रविवारीच सुरू होतो. पहाटे पहिली शेगडी मीच पेटवते. अजूनही साहेबानं नाव घेऊन हाक मारली, की जीभ टाळूला चिकटते, कामाचा परवाना संपायच्या आधी महिनाभर झोप लागत नाही. पण रविवारी, रुग्णांची पेज चढवताना, भीती मला शिवत नाही. काडी ओढते आणि मनातल्या मनात म्हणायला लागते. पहिली, दुसरी, तिसरी... आणि तिथं थांबते, मुद्दाम. वाफेखेरीज काही ऐकू येत नाही. मग चौथी मीच म्हणते, पुरी, मोठ्यानं — खालपर्यंत पोचेल अशी — आणि आच मोठी करते.