तुलारामचं निखाऱ्यावरचं मटण

नागपूरच्या डॉक्टरांनी दिवाळीतल्या मंडईच्या जत्रेनंतरचा सोमवार दिला होता. तोवर वजन वाढलं नाही तर पोटातून नळी टाकायची, असं त्यांनी उषाबाईला समोर बसवून सांगितलं. तिचा नवरा तुलाराम बाजूच्याच खुर्चीवर होता. त्यानं सगळं ऐकलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

पवनीहून गावाकडे येताना काळीपिवळी जीपमध्ये तो एक शब्द बोलला नाही. तसाही आता तो फारसा बोलत नसे. कॅन्सरमुळे उजवीकडचा जबडा काढला होता, जिभेचा तुकडा गेला होता आणि वरून किरणांचा शेक घेऊन तोंड आतून भाजून निघालं होतं. तो जे बोले ते फक्त उषाबाईला कळे. तिलाही पुन्हा विचारावं लागे, आणि पुन्हा विचारलं की तो हात झटकून गप्प होई.

हा माणूस कोण होता, ते पवनीच्या आसपास सगळ्यांना ठाऊक होतं. धानाची थोडी शेती, आणि लग्नसराईत मटणाचा आचारी. वरात मांडवात शिरण्याआधी पाहुणे मांडवामागे डोकावून बघत, मटणाच्या गंजाजवळ, त्या मोठ्या पातेल्याजवळ, तुलाराम बसला आहे की नाही. तो कुकर हातात धरत नसे. "शिट्टी वाजली का मटनाचा जीव गेला," असं म्हणे. आधी लाकडं पूर्ण जाळायची, ज्वाळ संपू द्यायची, मग निखारे पसरून त्यावर गंज ठेवायचा. झाकणात पाणी ओतायचं, म्हणजे आतली वाफ आतच फिरते आणि मटण स्वतःच्याच पाण्यात शिजतं. आलू अर्धे चिरून अगदी शेवटी टाकायचे. मधले सगळे तास नुसतं बसायचं. तो बसे, आणि गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून बसे. पुढे तोंड कमी उघडू लागलं, मसाला चाखताना आग होऊ लागली, गालाच्या आत फोड आला. त्यानं ते सगळं घरच्यांपासून लपवलं. दवाखान्यात नेलं तेव्हा गाल बाहेरून सुजला होता.

आता तो वरणाचं पाणी आणि दूध एवढंच घेई. ऑपरेशननंतर नाकातून घातलेली नळी काढली त्या आठवड्यात भाताचं शीत भलत्या वाटेनं गेलं होतं आणि त्याचा श्वास कोंडला होता. ती भीती त्याच्या अंगात बसली. शिवाय खाताना ओठाच्या कोपऱ्यातून अन्न गळे. ज्यानं गावाला पंगतीत बसवून जेवू घातलं, त्याला आपलं जेवण कोणी पाहिलेलं चालत नव्हतं. रुग्णालयातल्या सिस्टरनं शिकवलं होतं, ताठ बसा, हनुवटी छातीला लावा, मग गिळा, मग एकदा खोका. तो मान हलवी आणि वाटी बाजूला सारी. सदऱ्याच्या गळ्यातून त्याच्या खांद्याची हाडं दिसू लागली होती.

दिवाळी झाली. गावागावांत मंडई भरू लागली. मंडईला लेकीबाळी येतात, सोयरे येतात आणि घरोघरी मटण शिजतं. तुलारामची मुलगी अपेक्षा तुमसरहून आली. वडिलांना बघून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सकाळी नत्थू मटण घेऊन आला. नत्थू म्हणजे तुलारामचा जुना जोडीदार. मांडवात कांदा चिरण्यापासून गंज उतरवण्यापर्यंत सगळं तो करी.

"वहिनी, मानेचं आनलं, अन् थोडं नळीचं," तो म्हणाला. "दादाले नळीचं आवडते."

नळी हा शब्द ऐकताच उषाबाईचा हात थांबला. पण तिनं पिशवी घेतली.

"पाहुन्यायचं तुमी तुमच्या घरी करा, नत्थूभाऊ. ह्यायचं मी करन. लहान गंजात."

"तुमी? तुमी कधी केलं का मटन?"

नव्हतं केलं. इतक्या वर्षांत या घरात मटणाला तुलारामशिवाय कोणी हात लावला नव्हता. 

घराच्या मागे सांदवाडीत तिनं चूल पेटवली. तुलाराम तिथेच शेवग्याखाली खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिनं कांदा बारीक चिरला, लसूण-आलं वाटलं, खोबरं आणि खसखस भाजली. जवसाच्या तेलात कांदा पडला तसा वास पसरला आणि खाट करकरली. तो उठून बसला होता. तिनं मटण टाकलं, हळद टाकली, मीठ टाकलं. तिखटाचा डबा मात्र तिनं लांब ठेवला होता.

तो उठला, भिंतीला धरत आला आणि डबा उचलला.

"नाई," उषाबाई म्हणाली. "तोंडाले चालत नाई तुमच्या."

तो काहीतरी मोठ्यानं बोलला. शब्द फुटले नाहीत, नुसता आवाज आला. तिनं डबा धरला, त्यानं सोडला नाही. दोघांच्या ओढाताणीत झाकण निघालं आणि लाल तिखट मातीवर सांडलं.

"कोनासाठी करून राहिली मी हे?" तिचा आवाज चिरकला. "पाहुन्यायसाठी? तुमच्यासाठीच नं? मंग काहून असं करता?"

त्यानं डबा टाकून दिला आणि खाटेवर जाऊन पुन्हा पाठ फिरवली. अपेक्षा दारात उभी होती. ती एक पाऊल पुढे आली, तर आईनं हातानंच तिला थांबवलं.

उषाबाईच्या डोळ्यांना धार लागली होती. चुलीत किती लाकडं सरकवली याचं तिला भान राहिलं नाही. ज्वाळा गंजाच्या काठापर्यंत चढल्या. आत मटण चरचरू लागलं, मग करपल्याचा पहिला वास आला. ती सराट्यानं हलवू लागली, पण तळ धरला होता.

तेवढ्यात तुलारामचा हात तिच्या खांद्यावरून पुढे आला. त्यानं जळतं लाकूड मागच्या टोकाला धरून ओढलं. मग दुसरं.

"हात भाजन नं!"

त्यानं ऐकलं नाही. गंज खाली उतरवून घेतला, सराट्यानं वरचं मटण अलगद दुसऱ्या गंजात काढलं, करपलेला तळ तसाच सोडला. निखारे काठीनं पसरवले, त्यांच्यावर चिमूटभर राख टाकली आणि नवा गंज ठेवला. झाकणाकडे बोट केलं. तिनं झाकण ठेवून त्यात पाणी ओतलं. तो तिथेच जमिनीवर बसला. एवढ्याशा कामानं त्याला धाप लागली होती, कपाळावर घाम आला होता. पण तो खाटेकडे परत गेला नाही.

सकाळ सरली. चौकातून दंडारीच्या खेळातल्या ढोलकीचा आवाज येत होता, गल्लीतून नवे कपडे घातलेली माणसं जत्रेकडे जात होती. सांदवाडीत दोघं गंजापाशी बसली होती. निखारे मंद झाले की तो बोटानं दाखवी आणि ती चिमट्यानं नवा निखारा सरकवी. झाकणातलं पाणी आटलं की ती पुन्हा भरी. एकदा तिला राहवलं नाही आणि तिनं विनाकारण झाकण उचललं, तर त्यानं तिच्या मनगटावर चापट मारली. दुखेल अशी नव्हती. पण कितीतरी महिन्यांनी त्यानं आपणहून तिला हात लावला होता.

उन्हं डोक्यावरून कलली तेव्हा त्यानं आलूकडे बघून मान हलवली. तिनं फोडी सोडल्या. पुन्हा झाकण, पुन्हा वाट.  मटण शिजेल, पण तो खाईल का? खाल्लं तर उतरेल का? आणि नाही उतरलं तर?

गंज उतरवला तेव्हा मानेचं आणि नळीचं मांस हाडापासून आपोआप सुटलं होतं. आलू सराटा लागताच फुटत होते. रस दाट झाला होता, वर जवसाच्या तेलाचा तवंग होता. उषाबाईनं चाखलं. तिखटाचा कण नव्हता, तरी जिभेवर कांद्याचा गोडवा, हाडाचा रस आणि भाजल्या खोबऱ्याची चव राहिली. तिनं वाटीत मांस आणि आलू बोटांनी कुस्करले, वरून रस घातला आणि सांदवाडीचं दार लोटून घेतलं.

"कोनी नाई पाहत," ती म्हणाली. "ताठ बसा. हनुवटी खाली."

त्यानं चमच्याच्या टोकावर मावेल एवढं घेतलं. ओठातून आत सरकवलं. बराच वेळ ते तोंडात फिरत राहिलं. मग हनुवटी छातीला लागली आणि गळ्याची घाटी वर-खाली झाली. तो खोकला. दोघंही थांबली.

उतरलं होतं.

दुसरा घास. तोही उतरला. तिसऱ्या वेळी त्यानं थोडं जास्त घेतलं.

तेवढ्यात दार ढकलून नत्थू आत आला. "दादा! जमलं का?"

तुलारामनं आवाजाकडे मान वर केली आणि घास तसाच घशात गेला.

खोकला आलाच नाही. आवाजही नाही. त्याचे दोन्ही हात गळ्याशी गेले, डोळे मोठे झाले, चेहरा आधी लाल आणि मग काळपट होऊ लागला. नत्थू दारातच खिळला. उषाबाईनं वाटी टाकली, नवऱ्याला कमरेतून पुढे वाकवलं आणि मनगटाजवळच्या तळव्यानं त्याच्या पाठीत, खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध मारलं. काही झालं नाही. पुन्हा मारलं.

"अपेक्षा! गाडी बोलाव!"

अपेक्षा फोन कानाला लावून धावत आली. पलीकडून कोणी उचलेना. उषाबाई मारत होती. त्याचे पाय लुळे पडू लागले, त्याचं सगळं वजन तिच्या हातावर आलं. तिनं दात आवळून सगळ्या जोरानं आणखी एक फटका मारला. त्याच्या तोंडातून काहीतरी मातीवर पडलं, आणि पाठोपाठ घशातून कर्कश, लांब असा श्वास आत गेला.

तो श्वास घेत राहिला.  मातीवर पांढरट शिरेचा तुकडा पडला होता. कुस्करताना तो तिच्या बोटांतून निसटला होता.

उषाबाईनं गंज उचलला आणि उकिरड्याकडे निघाली. मागून तिचा पदर ओढला गेला.

"सोडा," ती म्हणाली. "नाई देत मी आता. पोटात नळी टाकू दे डॉक्टरले. तुमी मेले तं लोकायले काय सांगू, मीच चारून मारलं म्हनून?"

तुलारामनं पदर सोडला नाही. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते, लाळ गळत होती. त्यानं ती पुसलीही नाही. तो बोलला. पहिल्यांदा कोणालाच कळलं नाही. उषाबाई वळली नाही तेव्हा त्यानं पुन्हा सांगितलं, एकेक अक्षर ओढून.

"दे... इक... डे."

तिनं गंज त्याच्यापुढे ठेवला. त्यानं हात धुतले, ताटात थोडं मटण काढलं आणि बोटांनी चाचपू लागला. एकेक धागा वेगळा करत, शीर लागली की बाजूला टाकत, हाडाचं कुसळ शोधत. त्याला घाई नव्हती. सगळं निवडून झाल्यावर आलूत घोटून त्यानं त्यात रस ओतला, खिरीसारखं पातळ होईपर्यंत. मग त्यानं नत्थूकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. नत्थूनं मान हलवली आणि भिंतीला टेकून खाली बसला.

या वेळी त्यानं दार लावायला सांगितलं नाही. सगळ्यांसमोर तो ताठ बसला, हनुवटी खाली नेली आणि गिळलं. ओठाच्या कोपऱ्यातून रस ओघळला. अपेक्षानं पुढे होऊन पुसला, त्यानं पुसू दिला. प्रत्येक घासाला तिघांचा श्वास अडके आणि खोकल्यानंतर सुटे. वाटी संपायला खूप वेळ लागला. पण संपली.

सोमवारपर्यंत रोज तसंच शिजलं. मटण संपल्यावर कोंबडी, आणि एक दिवस नुसते आलू हाडाच्या रसात. दर वेळी उषाबाई त्याच्या पाठीमागे बसे, हात तयार ठेवून. एका संध्याकाळी तो पुन्हा खोकत सुटला आणि तिनं त्याला पुढे वाकवलंही, पण तो खोकला साधा निघाला.

नागपुरात वजनाच्या यंत्रावर उभं राहण्याआधी त्यानं चपला काढल्या, खिशातला मोबाइलही काढून तिच्या हातात दिला. आकडा थोडाच वर गेला होता. डॉक्टरांनी कागद उलटले. त्यांनी त्याला समोर पाणी प्यायला लावलं. घास अडकल्याचं ऐकून ते उषाबाईवर रागावलेही, आणि गिळायचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जायची चिठ्ठी दिली.

"नळी आत्ता नको," शेवटी ते म्हणाले. "पण वजन घसरलं तर मी ऐकणार नाही."

बाहेर आल्यावर उषाबाई जिन्याच्या पायरीवरच बसली. 

माघात एका लग्नाचं काम आलं. नत्थूनंच ते घेतलं होतं, आणि घेताना अट घातली होती की दादा येतील. तुलाराम गेला. मांडवामागे खुर्ची टाकून बसला, गालाला उपरणं गुंडाळून. निखारे कुठे सारायचे, झाकण कधी उचलायचं, ते हातानं सांगू लागला. शेकानंतर चव मात्र त्याला कळत नव्हती. चाखायला उषाबाई होती.

तिनं पळीतला रस जिभेवर घेतला. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

त्यानं भुवया चढवल्या. त्याचा विश्वास बसला नव्हता. तिनं पुन्हा चाखलं.

"कमीच हाय. मी सांगून राहिली नं."

त्यानं थोडं घातलं. तिनं आणखी घातलं. तो पुटपुटला, ती हसली नाही, पळी हलवत राहिली. मांडवात पंगत बसत होती आणि नत्थू ताटं मोजायला ओरडत होता. बाजूला वेगळ्या निखाऱ्यांवर तुलारामसाठी बिनतिखटाचा लहान गंज ठेवला होता. तो शिजायला अजून अवकाश होता.