फोनबाई आणि गुळगुळीत लिफ्ट

मोठ्या दवाखान्याच्या सहाव्या मजल्यावर, अगदी टोकाच्या खोलीत फोनबाई बसायच्या. नाव त्यांनाही होतं, आईबापांनी हौसेनं ठेवलेलं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. बाकी सगळ्यांच्या त्या फोनबाईच. बाहेरून कोणी म्हणायचं, हाडांच्या डॉक्टरांना द्या, की यांनी खटकन जोडून द्यायचं. कोणाला मुलगी झाल्याचं कळवायचं असे, कोणाला कोणी गेल्याचं. दिवसभर लोकांची लोकांशी गाठ घालून द्यायची आणि आपण मधल्या वायरीसारखं गप्प राहायचं, असं ते काम. जोडून दिल्यावर पुढचं ऐकायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळे जगातल्या कितीतरी गोष्टींची सुरुवात त्यांना ठाऊक होती, शेवट एकीचाही नाही.

डोळे लहानपणी तापात गेले. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. जे आठवतच नाही त्याच्यासाठी माणूस रडणार तरी किती? रडू यायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. लोक त्यांच्याशी बोलायचे म्हणजे त्यांच्याबरोबरच्या माणसाशी बोलायचे. "यांना साखर चालते का?" असं दवाखान्यातला चहावाला कधी बरोबर आलेल्या भावजयीला विचारी. भावजय म्हणे, "चालते." फोनबाई तिथंच उभ्या. जणू डोळ्यांबरोबर जीभही तापातच गेली होती.

राहायच्या धाकट्या भावाकडे, मागच्या खोलीत. भाऊ भला, भावजयही वाईट नाही. वेळेवर ताट, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या उशाशी, कशाला म्हणून नाव ठेवायला जागा नाही. पण पुढच्या खोलीत टीव्ही लागला की सगळ्यांच्या हसण्याचा आवाज भिंतीतून यायचा, आणि कशाला हसले ते सांगायला कोणी उठून यायचं नाही. येणार तरी किती वेळा? फोनबाईही समजूतदार. आपल्या जागी बसून त्याही थोडं हसून घ्यायच्या.

तर दिवसभरात त्यांच्याशी धड बोलणारं माणूस एकच. लिफ्टदादा.

जुनी लिफ्ट जाळीच्या दाराची, म्हाताऱ्या खाटेसारखी कुरकुरणारी. दादा आत स्टुलावर बसायचे. फोनबाई आत आल्या, दार ओढलं, की बातम्या सुरू.

"फोनबाई, आज हृदयवाल्या डॉक्टरांनी केस रंगवलेत. अर्धं कपाळही रंगवलंय."

"कुठला रंग?"

"काळा. नव्या बुटासारखा."

सहावा मजला येईपर्यंत फोनबाई हसत असायच्या. संध्याकाळी उतरताना दुसरा हप्ता. कधी बाहेर आभाळ कसं झालंय ते, कधी कोणती दोन माणसं अबोला धरून लिफ्टच्या दोन कोपऱ्यांत उभी राहिली ते. त्यात थोडी लोणकढीही मिसळत असणार. फोनबाईंनी कधी पडताळा घेतला नाही. दादांची बायको केव्हाच गेलेली, सून बोलायची ती कामापुरती. म्हणजे दोघांचंही ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं. पण हे कोणी कोणाला बोलून दाखवलं नाही. लिफ्टमध्ये असलं काही बोलतात का?

मग नवी लिफ्ट आली. चकचकीत, आत आरसा लावलेली. तिला चालवायला माणूस लागत नाही, म्हणून दादांना घरी बसवलं. आणि बटणं? बटणंच नव्हती. काचेची सपाट पाटी, तिच्यावर आकडे उजळणार, बोट टेकलं की लिफ्ट सुटणार. पहिल्या दिवशी फोनबाईंनी हात फिरवला तर हाताला नुसता गारवा. चाचपडताना बोट जिथं जिथं टेकलं तिथं तिथं लिफ्ट थांबत गेली. दार उघडायचं, मिटायचं, आणि हा कितवा मजला ते सांगायला कोणी नाही. शेवटी वैतागून एका ठिकाणी उतरल्या, तर चहूकडून बाळांचं रडणं.

"अगंबाई, फोनबाई! तुम्ही बाळंतिणींच्या वॉर्डात कशा?" नर्स म्हणाली.

"भरती व्हायला आले."

नर्स पोट धरून हसली. फोनबाईही हसल्या. मग तिलाच सहावा दाबून द्यायला सांगितलं.

त्या दिवसापासून लिफ्टच्या दाराशी उभं राहून कोणाच्या तरी पावलांची वाट बघायची. "कितवा?" असं कोणी विचारायचं, "सहावा" म्हणायचं. कोणी दाबून द्यायचं, कोणी घाईत भलताच दाबून निघून जायचं. जिना होता, पण गुडघे बंड करून उठले होते.

स्वतःपुरतं असतं तर त्यांनी तेही पचवलं असतं. पण दाराशी उभ्या असताना शेजारी हमखास आणखी कोणीतरी असायचं, काठी टेकवत किंवा भिंतीला हात घासत. या दवाखान्याचा डोळ्यांचा विभाग होता तिसऱ्या मजल्यावर. पट्टी बांधलेले, थेंब घातलेले, अर्धंमुर्धं दिसणारे, मुळीच न दिसणारे, सगळे तिकडे निघालेले. आणि तिकडे पोहोचायचं तर आधी डोळे हवेत! एकदा एक म्हातारी बाई बराच वेळ शेजारी उभी राहिली, मग "राहू दे, पुन्हा कधीतरी येईन," असं पुटपुटून परत गेली. फोनबाईंना तिला थांबवता आलं नाही. थांबवून करणार काय होत्या? दोघींना मिळून एक बटण सापडलं नसतं.

त्या सरळ मोठ्या साहेबांकडे गेल्या.

"साहेब, हाताला लागतील अशी बटणं बसवा. आकडे फुगीर, शेजारी ब्रेलचे ठिपके. आणि मजला आला की लिफ्टनं बोलून सांगायचं."

"फोनबाई, इथं एवढी माणसं येतात जातात. कोणीतरी दाबून देतंच की."

"कोणीतरी म्हणजे कोण, साहेब?"

"कोणीही."

"हा कोणीही फार रजा घेतो हो."

साहेब हसले आणि "बघतो" म्हणाले. मोठी माणसं बघतो म्हणाली की तिथं डोळसांचंही काही चालत नाही.

घरी भावजय म्हणाली, "वन्सं, कशाला साहेबांच्या तोंडी लागता? नोकरीची थोडीच वर्षं राहिलीत. हवं तर मी येत जाईन सोडायला."

"रोज?"

भावजयीनं भांड्यांचा आवाज वाढवला.

"आणि त्या तिसऱ्या मजल्यावाल्यांना? त्यांनाही तूच सोडणार?"

"तुमच्याशी बोलायची सोय नाही, वन्सं."

फोनबाईंनी पिच्छा सोडला नाही. साहेबांना बाहेर फोन लावायचा तर तो यांच्या हातूनच जायचा. "जोडते, साहेब. तेवढं बटणांचं बघताय ना?" असं दर वेळी. शेवटी एक दिवस साहेबांनी मोठ्या उत्साहानं त्यांना लिफ्टपाशी बोलावलं. चार माणसं गोळा केली होती. "घ्या, तुमचं काम झालं!"

फोनबाईंनी हात फिरवला. पुन्हा गुळगुळीत.

"कुठं आहे?"

"हे काय, तुमच्या हाताखालीच. ब्रेलची पाटी! पितळेची करून घेतलीय. बोटांनी खराब होऊ नये म्हणून वरून काच बसवलीय."

फोनबाईंनी विचारलं, "दिसायला चांगली आहे?"

"फार सुंदर."

"मग साहेब, जरा वाचून दाखवता?"

मागं कोणीतरी खुसखुसलं. साहेब मनाला लावून घेणारे नव्हते, पण एवढं झाल्यावर त्यांनी फोनबाईंना खोलीत नेलं, खुर्ची दिली आणि दार लावून घेतलं.

"हे बघा, सगळी पाटी बदलायची म्हणजे मोठा व्याप आहे. त्यापेक्षा मी लिफ्टदादांना परत घेतो. सकाळी तुमच्या येण्याच्या वेळी आणि संध्याकाळी जाण्याच्या वेळी. खास तुमच्यासाठी. माझं त्यांच्याशी बोलणं झालंय, एका पायावर तयार आहेत."

फोनबाईंना ते नव्या बुटासारखे केस आठवले.

"आणि दुपारी?" त्यांनी विचारलं.

"दुपारी तुम्ही कुठं जाता?"

"मी नाही. डोळे तपासायला येणारे. त्यांना दुपारीच बोलावतात."

"ते आज येतील, उद्या बरे होतील. तुम्ही आमच्या आहात. एक लक्षात ठेवा मात्र, दादा आले की बटणांचा विषय संपला. दोन्ही व्हायचं नाही. उद्या सांगा."

फोनबाई आपल्या जागी येऊन बसल्या. थोड्या वेळानं फोन वाजला.

"फोनबाई, मी."

आवाज ओळखला तरी तोंडातून सवयीनं निघालंच, "कोणाला जोडू?"

"कोणाला नको. तुम्हालाच केलाय." लिफ्टदादा हसत होते. "साहेबांनी सांगितलं ना? मी तर डबासुद्धा घासून ठेवला. तुमच्यासाठी बातम्या साठल्यात. आमच्या शेजाऱ्यानं कुत्रं पाळलंय, ते त्यालाच घरात घेत नाही."

फोनबाई हसल्या नाहीत. "दादा, मग बाकीच्यांचं काय?"

"मी असेन तेव्हा त्यांनाही सोडेन की."

"तुम्ही नसाल तेव्हाच ते येणार."

"माणसानं कधीतरी आपल्यापुरतं बघावं, फोनबाई."

"तेच तर बघावंसं वाटतंय. फार वाटतंय."

"मग बघा ना! मी घरी भिंतीशी बोलतो हो. ती हूं पण म्हणत नाही."

फोनबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. माझ्याही खोलीला भिंत आहे, असं सांगावंसं वाटलं. तेवढ्यात दुसरा फोन वाजायला लागला.

"घ्या, घ्या तो," दादा म्हणाले. "तुमचं काम आहे ते." आणि त्यांनीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोनबाईंनी साहेबांना सांगितलं, बटणंच हवीत.

"कमाल आहे!" साहेब चिडले. "म्हणजे तुम्हाला माणूस नको, मशीन हवं?"

"माणूस हवाय, साहेब. पण बटण दाबायला नकोय."

साहेबांना ते कळलं नाही. "मग दोन्हीतलं काहीच होणार नाही," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. निदान त्यांना तसं वाटलं.

डोळ्यांच्या विभागात वेळ घ्यायला लोक फोन करायचे, ते आधी फोनबाईंकडेच यायचे. आता फोनबाई जोडण्याआधी एक प्रश्न विचारू लागल्या. "वर कसे जाता हो?" कोणी म्हणे, मुलगा येतो, त्याची रजा जाते. कोणी म्हणे, जिन्यानं, बसत बसत. कोणी म्हणे, मागल्या खेपेला खालूनच परत गेले. "हे मला सांगून काय उपयोग?" फोनबाई गोड आवाजात म्हणायच्या. "मोठ्या साहेबांना सांगा. जोडते हं." आणि जोडून द्यायच्या. पुढचं ऐकायचं नाही हा नेम मात्र मोडला नाही. साहेबांचा फोन सकाळी वाजायचा, जेवताना वाजायचा, मीटिंगमध्ये वाजायचा. नाक मुठीत धरून त्यांनी लिफ्टच्या कंपनीला फोन लावायला सांगितला, तोही फोनबाईंनीच लावून दिला.

नवी पाटी बसली. आकडे बोटाखाली ठसठशीत, शेजारी ठिपके, वर काचबीच काही नाही. लिफ्ट बोलायलाही लागली, एका तरण्या मुलीच्या आवाजात. फोनबाईंना सगळ्यांनी शाबासकी दिली, चहा पाजला. त्या दिवशी चहावाल्यानं साखरेचं त्यांनाच विचारलं. "दोन चमचे," फोनबाई म्हणाल्या. एरवी त्या एकच घ्यायच्या.

मग सगळे आपापल्या कामाला लागले. फोनबाईंना आता कोणासाठी थांबावं लागत नव्हतं. आत जायचं, आकडा चाचपायचा, दाबायचा. कोणी "कितवा?" विचारत नव्हतं, आणि दुसरंही काही विचारत नव्हतं. लिफ्टमधली मुलगी मजला सोडून चकार शब्द बोलायची नाही.

एकदा हातातलं काम थोडं सैल पडलं, तेव्हा फोनबाईंनी लिफ्टदादांना फोन लावला.

"कोण?"

"मी."

"हं. काही काम होतं?"

"काम असं नाही. कुत्रं काय म्हणतंय?"

"कुठलं कुत्रं?" दादा म्हणाले. मग आठवलं असावं. "आहे." थोडं थांबून म्हणाले, "लिफ्ट बोलते म्हणे आता."

"बोलते. पण तिला सांगता काही येत नाही."

हसतील असं वाटलं होतं. "बरं," ते म्हणाले, "सून हाक मारतेय." हाक काही फोनबाईंना ऐकू आली नाही, आणि त्यांचे कान तर भिंतीपलीकडचं ऐकणारे. त्यांनी फोन हळूच ठेवला. पुन्हा कधीतरी करू, असं मनाशी म्हटलं. पण ते लांबत गेलं.

एका दुपारी फोनबाई खाली चक्कर मारून परत निघाल्या होत्या. लिफ्टमध्ये शिरून कोपऱ्यात टेकल्या, तेवढ्यात पाठोपाठ कोणीतरी आलं. काठीची टकटक, चपला घासत चालणं, डोळ्यांत घालायच्या औषधाचा वास. दार मिटलं. म्हातारा माणूस होता, स्वतःशीच बडबडत होता. "तीन. तीन म्हणाले. आता तो तीन कुठं दडलाय?"

हात पाटीवर फिरू लागला. फोनबाईंना बोटांची खसखस ऐकू येत होती.

"कितवा?" हा शब्द त्यांच्या अगदी ओठांवर आला. आणि त्याच्यामागं रांग लावून बाकीचे सगळे आले. कुठून आलात, बरोबर कोणी नाही का, डोळ्यांना काय झालं, मी इथं सहाव्या मजल्यावर असते, कधी चहाला या. एवढं सगळं साठलं होतं हे त्यांनाही आत्ताच कळलं. नुसतं खाकरलं असतं तरी म्हातारा वळला असता. पण मग तो तीन यांनीच दाबला असता. किंवा त्यानंच दाबायला सांगितलं असतं.

त्यांनी श्वास रोखून धरला.

म्हाताऱ्याचं बोट आधी भलतीकडेच पडलं आणि धोक्याची घंटा घणाणली. "हात्तिच्या!" तो म्हणाला. पुन्हा खसखस. मग खसखस थांबली, बोट एका जागी गोल फिरलं, पुन्हा एकदा फिरलं. टक् असा आवाज झाला आणि लिफ्ट हलली.

"तिसरा मजला," लिफ्टमधली मुलगी म्हणाली.

"कळलं, कळलं. मीच दाबलाय," म्हाताऱ्यानं तिला ठसक्यात सुनावलं आणि काठी आपटत बाहेर पडला. टकटक वळणापर्यंत ऐकू आली, मग वॉर्डाच्या गलबल्यात बुडाली.

दार मिटलं. फोनबाईंनी आपला मजला दाबलाच नव्हता, त्यामुळे लिफ्ट जागच्या जागी उभी राहिली. त्यांनी रोखलेला श्वास सोडला. "छान," त्या हळूच म्हणाल्या. मोठ्यानं म्हटलं असतं तरी चाललं असतं, आत कोणी नव्हतं. मग पाटीवर हात नेऊन त्या सहाचा आकडा शोधू लागल्या.